माकसूनच्या स्वयंपाकघरातलं क्रियापद

माकसूनच्या नवऱ्यानं गावचा भोंगा समुद्रात फेकला आणि त्यापायी त्याला चार महिन्यांची सजा झाली, याचं सोलगुमीत कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते याचं, की इतकी वर्षं तो दुसऱ्या कुणी कसा फेकला नाही. पे सरपंच रोज पहाटे पाचला भोंगा सुरू करायचे. आधी कवायतीचं गाणं, मग हवामान, मग खताच्या गोणी कधी येणार ते, आणि सांगण्यासारखं संपलं तरी हौस संपत नसल्यानं, कालच्या गोणी का आल्या नाहीत तेही. भोंगा होता माकसूनच्या परसातल्या खांबावर. एका पहाटे सदुसष्ट वर्षांचा सोक्चिल शिडी लावून वर चढला, भोंगा उपटला आणि वायरीसकट ओढत धक्क्यावर नेऊन पाण्यात टाकला. बुडेपर्यंत भोंगा खताबद्दल बोलत होता, असं शेजारची चिल्बोची आई आजही शपथेवर सांगते.

उद्या पहाटे सोक्चिल सुटणार होता. म्हणजे आज टोफू करायला हवा होता.

तुरुंगातून सुटलेल्या माणसानं दारातच टोफू खायचा असतो. सोयाबीनच्या दुधाचा, पांढरा, बिनमिठाचा, हातात धरून. तो खाल्ला की माणूस पुन्हा आत जात नाही. पण टोफू हातात धरता आला पाहिजे. बोटांतून गळणारा टोफू खाऊन बाहेर आलेला माणूस बाहेर टिकत नाही, हे माकसूनला सांगायला नको होतं. तिनं ते सासऱ्यांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं होतं.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, जपान्यांच्या अमलात, ती सतरा वर्षांची नवी नवरी होती. लग्नाला तीन दिवस झाले होते. सासरे परवान्याशिवाय मासे धरल्याबद्दल आत होते आणि दुसऱ्या दिवशी सुटणार होते. सासू कढईतल्या दुधात विरजणासारखं समुद्राचं पाणी ओतत होती. माकसूननं मान पुढं करून विचारलं, झालं का, आणि विचारताना तो शब्द वापरला.

तो शब्द म्हणजे, पातळाचं दाट होतं, दाटाचं घट्ट होतं आणि मग भांडं कलतं केलं तरी आतलं हलत नाही, त्याला आपण जे म्हणतो ते. हिवाळ्यात डुकराच्या चरबीला जे होतं आणि भीतीनं माणसाच्या पायांना जे होतं, तेच. तुम्हाला ठाऊक आहे. मी तो इथं लिहीत नाही, कारण या गोष्टीत चुलीवर अजून दूध आहे, आणि आम्हा सोलगुमीकरांत दूध चुलीवर असताना तो शब्द काढायचा नसतो. बायका बोलत नाहीत, ओगराळं कढईच्या काठावर वाजवतात. एकदा वाजलं म्हणजे अजून नाही. दोनदा वाजलं म्हणजे झालं. तीन दिवसांच्या नवरीला हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी टोफू झालाच नाही. सासरे तुरुंगाच्या दारात वाडग्यातून पांढरं पाणी प्याले, आणि एकवीस दिवसांत त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा आत गेले. मग सुटले, मग गेले. असे सात वेळा. सासूनं माकसूनला एका शब्दानंही बोल लावला नाही. ती फक्त दर खेपेला ओगराळं एकदा वाजवायची. तेव्हापासून माकसूननं तो शब्द चुलीजवळ काढला नाही, आणि चूल कधी पेटलेली असेल याचा नेम नसतो म्हणून अंगणातही काढला नाही, शेतावर नाही, बाजारात नाही, बाळंतपणात नाही.

आणि नेमक्या त्याच शब्दासाठी, नेमक्या त्याच दिवशी, नऊच्या बसनं यून मास्तर आले.

यून शब्दकोशाच्या कचेरीतले. राजधानीहून आले होते. वय तीस, गळ्यात टेपरेकॉर्डर, बगलेत कार्डांची पेटी. ते एकाच क्रियापदावर पाच महिने अडकले होते. एकसष्ट कार्डं झाली होती. चरबीचं, रक्ताचं, सरसाचं, सिमेंटचं, चेहऱ्याचं, मोडत नाही अशा सवयीचं. पण त्या शब्दाचा पहिला, घरचा अर्थ होता टोफूचा, आणि समुद्राच्या पाण्यानं टोफू करणाऱ्या माणसाच्या तोंडून तो मिळाल्याशिवाय वरिष्ठ पान छपाईला सोडत नव्हते. त्यांच्या कचेरीचाही नियम होता. बोलणाऱ्यानं शब्द आपणहून वापरला पाहिजे. विचारणाऱ्यानं तो आधी उच्चारला की कार्ड बाद.

म्हणजे एकीला तो बोलायचा नव्हता आणि दुसऱ्याला तो बोलता येत नव्हता. दोघं समोरासमोर चुलीपाशी बसले.

"आजी, हे कढईतलं दूध आहे ना," यून म्हणाले, "त्यात समुद्राचं पाणी घातल्यावर ते काय करतं?"

"गप बसतं," माकसून म्हणाली.

"गप बसल्यावर?"

"मी पण गप बसते."

यूननी टेप मागं घेतली. चिल्बोची आई दळलेले सोयाबीन फडक्यातून पिळत होती, तिनं माकसूनला कोपरानं ढोसलं. "अगं, सांग की त्याला. लांबून आलंय बिचारं. कसं वाळलंय बघ."

"तू सांग."

"मी? माझ्या घरात काय कमी ताप आहेत?" चिल्बोची आई म्हणाली आणि पिळायला लागली.

दहा वाजता पे सरपंच आले. सोक्चिलविरुद्ध तक्रार त्यांनीच केली होती आणि तेव्हापासून त्यांना नीट झोप नव्हती, एक तर मन खात होतं म्हणून आणि दुसरं म्हणजे पहाटे पाचला उठून करायचं काय हा प्रश्न होता म्हणून. आता नवा भोंगा आला होता, पहिल्याच्या दुप्पट, आणि त्याच खांबावर बसला होता. सोलगुमीचं नाव शब्दकोशात छापलं जाणार हे यूनकडून कळल्यावर मात्र ते सगळं विसरले.

"वहिनी, गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे. एक शब्द!"

"सरपंच, उद्या हे सुटतायत. उद्या संध्याकाळी या, चूल विझवते आणि सांगते."

"मास्तरांची बस आज चारला आहे!"

"मग मास्तरांनी बसला सांगावं, गप बस म्हणून."

सरपंच हट्टाला पेटले. त्यांनी घरून कालची डुकराची चरबी वाडग्यात आणली आणि वाडगा तिच्यापुढं उपडा धरला. काही पडलं नाही. "हिला काय झालंय, वहिनी?"

"थंडी वाजतेय."

त्यांनी धक्क्यावरून सिमेंटचा गोळा आणला. तो काल ओला होता. "आणि आज?"

"आज वाळला."

मग त्यांनी स्वतःचाच चेहरा ताणून, डोळे वटारून, तोंड उघडं ठेवून तिच्यापुढं धरला. बराच वेळ धरला. "आणि माझं हे काय झालंय?"

"तुमचं असंच असतं," माकसून म्हणाली.

यूनना हे सगळं टेपवर घ्यावं लागत होतं. जबडा दुखायला लागल्यावर सरपंचांनी तोंड मिटलं आणि ते परसात जाऊन नव्या भोंग्याकडे बघत उभे राहिले.

दूध उकळलं. माकसूननं जाळ ओढला, सकाळी स्वतः भरून आणलेली समुद्राच्या पाण्याची घागर जवळ घेतली. अठ्ठेचाळीस वर्षं ती हे पाणी दुसऱ्या कुणाला आणू देत नव्हती. एक एक ओगराळं ती काठाकाठानं सोडू लागली. दुधावर आधी रेघा उमटल्या, मग पांढरे ठिपके, मग ठिपक्यांना ठिपके लागून ढीग बसू लागले आणि त्यांच्यामधून पिवळं निवळ पाणी दिसायला लागलं. चार महिने ती ज्याच्यावाचून एकटी जेवली, तो माणूस या कढईत होता म्हटलं तरी चालेल.

यून उठून उभे राहिले. पाच महिने कार्डांवर लिहिलेली गोष्ट त्यांनी याआधी कधी घडताना पाहिली नव्हती. ते शहरातलं पोर, त्यांना टोफू दुकानातून चौकोनी मिळायचा. कढईत वाकून ते बघत राहिले आणि आनंदानं त्यांच्या तोंडून निघून गेलं. काय निघालं ते सांगत नाही.

चिल्बोच्या आईच्या हातातलं फडकं पडलं. सरपंच दारातच बसले. यूननी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. त्यांचं कार्ड बाद झालं होतं, पण ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सगळे माकसूनकडे बघत होते.

माकसूननं ओगराळं काठावर एकदा वाजवलं.

"वहिनी," सरपंच हळूच म्हणाले, "झालंय की. बघा तरी." त्यांनी काडी घेऊन कढईत रोवली. काडी उभी राहिली.

"पातळ आहे," माकसून म्हणाली.

"काडी उभी आहे, वहिनी!"

"काडीला काय कळतंय!"

चिल्बोच्या आईनं चमच्यानं एक मोठा लचका काढला आणि तोंडात टाकला. "पातळच आहे गं बाई," ती चावता चावता म्हणाली. "पाणीच आहे नुसतं." आणि पुन्हा चावू लागली.

माकसून खाली बसली. सोयाबीन संपले होते, नवे भिजवायला रात्र लागली असती, दळायला सकाळ. पहाटेपर्यंत काही होण्यासारखं नव्हतं. "सात वेळा," ती स्वतःशीच म्हणाली. "आणि ह्यांचं वय सदुसष्ट. सात वेळा जायला ह्यांना वेळ तरी कुठं उरलाय?"

उपाय चिल्बोच्या आईलाच सुचला. पोरानं अंथरूण ओलं केलं की आपल्याकडे त्याच्या डोक्यावर पाखडायचं सूप ठेवतात आणि घरोघर मीठ मागायला पाठवतात. लाजेनं पोर सुधारतं आणि मिठानं दोष जातो. "ह्यालाही आवरता आलं नाही," यूनकडे बोट करून ती म्हणाली. "ते पोराला आवरत नाही, हे ह्याला आवरलं नाही. फरक काय?"

फरक कुणालाच सांगता येईना. यूननाही येईना, आणि ते व्याकरण शिकलेले होते. चारची बस गेली तेव्हा राजधानीतले शब्दकोशवाले यून मास्तर डोक्यावर सूप, हातात वाडगा आणि गळ्यात टेपरेकॉर्डर अशा थाटात सोलगुमीच्या पहिल्या दारात उभे होते.

"काय रे घोड्या," त्या घरची म्हातारी म्हणाली, "या वयात अंथरूण?"

"नाही हो आजी. शब्द सांडला."

रिवाजाप्रमाणे तिनं भाताच्या पळीनं त्यांच्या गालावर एक चापट दिली आणि मीठ घातलं. दुसऱ्या घरी तसंच, तिसऱ्या घरी तसंच, गालाला भात चिकटत गेला. सहाव्या घरी सरपंचांची नव्वदीची आई होती, ठार बहिरी. "कुठला शब्द?" ती ओरडली. यूननी मान हलवली. "अरे कुठला शब्द? मोठ्यानं सांग!" ते बोलले असते तर पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात होती. त्यांनी ओठ इतके घट्ट मिटले की पांढरे पडले. म्हातारीनं बराच वेळ निरखून पाहिलं, मग तिला समजलं आणि तिनं कौतुकानं दोन मुठी जास्त घातलं.

सात घरचं मीठ कढईत गेलं. माकसून ते ढवळून वाट बघत बसली. उन्हं परसात उतरली. कढईत काहीच बदललं नव्हतं, कारण बदलायचं काही राहिलंच नव्हतं, पण तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. शेवटी तिनं ओगराळं उचललं आणि दोनदा वाजवलं. सरपंच तर रडलेच.

तरी तिच्या मनातली कुरकुर जाईना. फडक्यात बांधून, वर जात्याची तळी ठेवून तिनं टोफू दाबला, आणि दाबताना दर थोड्या वेळानं म्हणत होती, "हा उपाय अंथरुणाचा आहे. शब्दाचा नाही."

पहाटे पाचला तुरुंगाच्या दारासमोर सरपंचांचा छोटा ट्रक उभा होता. पुढं सरपंच आणि माकसून, मागं यून. त्यांची कॅसेट संपली होती, कार्डं उरली होती. माकसूनच्या हातात पांढऱ्या फडक्यावर टोफू होता, विटेएवढा, कोपरे शाबूत.

लहान दार उघडलं आणि सोक्चिल बाहेर आला. बारीक झाला होता. माकसूनकडे बघून तो हसला, पुढं आला, तिच्या हातातून टोफू घेतला आणि मोठा घास घेतला. चावला.

"खारट आहे," तो म्हणाला.

एवढ्यानंच माकसूनचा बांध फुटला. "मला ठाऊकच होतं! त्याच्यावर कुणीतरी बोललं हो! मास्तर बोलले! आता तुम्ही परत जाणार! सरपंचांनी नवा भोंगा आणलाय, दुप्पट मोठा, त्याच खांबावर लावलाय! तुम्ही तो पण फेकणार, मला माहीत आहे तुमचा स्वभाव, आणि परत आत जाणार, सात वेळा जाणार, आणि मी एकटी..."

सरपंच ट्रकमध्ये खाली सरकले.

"अगं, अगं," सोक्चिल म्हणाला. बायकोला रडताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं, तो घाबरला. "शब्दानं काही होत नसतं गं."

"सासऱ्यांचं झालं ना! मी बोलले आणि झालं!"

सोक्चिलनं दुसरा घास घेतला. तो बराच वेळ चावत राहिला. आत चार महिने विचार करायला वेळ मिळाला होता, आणि तिचं दुःख हलकं करावं असं त्याच्या मनात आलं. खरोखर तेवढंच मनात होतं.

"त्या दिवशी समुद्राचं पाणी कुणी आणलं होतं?"

"तुम्ही."

"कावडीनं आणत होतो. वाटेत वाळूवर कुस्ती चालली होती. मी कावड टेकवली. तर पैलवानाची लाथ लागली आणि दोन्ही घागरी लवंडल्या. परत समुद्रावर गेलो असतो तर कुस्ती संपली असती." त्यानं टोफू दुसऱ्या हातात घेतला. "म्हणून कुस्ती बघितली आणि येताना विहिरीवर भरल्या."

माकसूनचं रडणं थांबलं. "विहिरीवर."

"हो."

"गोडं पाणी."

"हो ना. त्यानं काय होणार होतं? तू बोललीस म्हणून काही झालं नाही, बघ. तुझी चूक नव्हतीच." आणि तो हसला, तिलाही आता हसू येईल या आशेनं.

माकसूननं एक पाऊल मागं घेतलं. मग तिचा आवाज आला, आणि पहारेकऱ्यानं दाराची फट उघडून बघितलं.

"अठ्ठेचाळीस वर्षं! अठ्ठेचाळीस वर्षं माझी जीभ थिजवलीत तुम्ही! थिजवलीत! मी सासूसमोर मान खाली घालून मेले, आणि तुम्ही कुस्ती बघत होतात! चरबी थिजते, सिमेंट थिजतं, सरपंचांचं तोंड थिजतं, सगळं जग थिजतंय आणि मी म्हणतेय थंडी वाजते, थंडी वाजते! आता काय उभे राहिलात थिजल्यासारखे? चढा ट्रकमध्ये!"

सोक्चिल चढला. टोफू त्यानं छातीशी धरला होता आणि त्याचा एक कणही गळला नव्हता.

यून रस्त्यावर गुडघे टेकून लिहीत होते. ते वाक्य पुढं कोशात छापून आलं. खाली नाव, गाव, आणि कंसात, नियमानुसार, बोलणाऱ्याची मनःस्थिती: संताप. पण तो जिभेचा अर्थ झाला. टोफूचा राहिलाच, आणि पहिल्या बसनं यून रिकाम्या हातानं गेले.

माकसून तीन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशीही पहाटे पाच वाजले आणि भोंगा वाजलाच नाही; सोक्चिल आल्यापासून तो लावायची सरपंचांची छाती होत नव्हती. सोक्चिल मात्र जागा होता, आणि परसात शिडी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. ती कुणी ठेवली हे विचारायची गरज नव्हती. सहा वाजले. सात वाजले. स्वयंपाकघरातून धूर येत होता, पण ओगराळ्याचा आवाज नव्हता. आठच्या सुमारास माकसून ओल्या हातांनी घरातून निघाली आणि सरळ सरपंचांच्या कचेरीत गेली.

भोंगा खरखरला. सोक्चिलनं शिडीला हात घातला.

"सोलगुमीच्या लोकांनो," भोंग्यातून माकसूनचा आवाज आला, गावभर, धक्क्यापर्यंत, "टोफू थिजला. माझ्या घरी टोफू थिजला. थिजला तेव्हा मी तिथं होते. वाडगे घेऊन या."

कचेरीत सरपंचांनी राजधानीला यून मास्तरांना फोन लावला होता आणि रिसीव्हर खिडकीबाहेर धरला होता.

सोक्चिल शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून उभा होता. वर खांबावर ती पुन्हा बोलत होती. तोच शब्द, पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. तिसऱ्या खेपेला त्यानं पाय खाली घेतला, शिडी आडवी केली, वाडगा शोधला आणि आपल्याच घराच्या दारात रांगेत पहिला जाऊन उभा राहिला.